ओला टॉवेल

आधी सगळे हसले ते दारांना.
पुढची दारं उलटी उघडतात हिची,
वाऱ्याच्या बाजूला.
पदर अडकतो म्हणून आई
उभ्या आयुष्यात पुढं बसली नाही.

डुक्कर फियाट, अठ्ठावन्न सालची.
क्लबाच्या छापील यादीत मात्र हिचं नाव
मिलेचेंतो.
नान्नांनी ते दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं
आणि म्हणाले, म्हणजे अकराशेच की गं.

होटगीच्या पुढं, माळावर,
विमानांनी टाकून दिलेली धावपट्टी.
वळणावर टायर कमी पडले
तिथं कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या,
आणि पेंढ्यांपाशी दोन शेळ्या,
ज्यांना नियम कुणी सांगितले नव्हते.

बाकीच्या गाड्या ट्रेलरवरून आल्या.
लाल आल्फा, पिस्ता रंगाची लान्चिया,
चार माणसं हळू, हळू म्हणत उतरवत होती,
दवाखान्यातून घरी आणल्यासारखी.
आमची चालत आली.
वाटेत दोनदा थांबली,
एकदा चहाला, एकदा स्वतःच्या मर्जीनं.

नान्ना मिलमध्ये जॉबर होते.
चारशे साच्यांच्या गदारोळात
कुठला धोटा लंगडतोय
ते कानानं सांगायचे.
मिलचा भोंगा बंद झाला
त्या वर्षी ही घेतली, स्टेशनवर टॅक्सीला लावली.
तेव्हापासून एकच साचा, चार सिलिंडरचा.

पाहुण्यांचं भाषण लांबलं.
मार्चचा एक वाजला.
इंजिनं चालू, गाड्या उभ्या,
पत्र्यावर हात ठेवता येईना.
लाल आल्फा दोनदा खोकली
आणि गप्प झाली.
पुण्याच्या मेकॅनिकांनी प्लग काढले, पुसले, लावले,
कुणाला तरी फोन केला.

मी पाहत होते नान्नांकडं.
मला माहीत होतं ते जाणार.
बादलीतला टॉवेल पिळला,
आमच्याच गल्लीतल्या कारखान्याचा, सेकंड क्वालिटी,
काठाला एक दोरा सुटलेला,
आणि तिच्या पेट्रोल पंपाला गुंडाळला,
लहान पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
उकळायलंय, म्हणाले. इथं सगळंच उकळतंय.
आल्फा सुरू झाली.

नान्ना, ती आपल्याविरुद्ध आहे! मी ओरडले.
ते बॉनेट लावत म्हणाले,
उभ्या गाडीच्या पुढं जायला शेळी पण पुरते.

पाच फेऱ्या.
स्टिअरिंगखालचा गिअर, तिसऱ्यात जाताना
अजून आधी नाही म्हणतो, मग जातो.
तीन फेऱ्या मी चौथी होते.
खरंच. विचारा कुणालाही.
चौथ्या फेरीत डावीकडून ती गेली,
लाल, एवढी जवळून
की ओल्या सुताचा वास आला मला,
आणि बॉनेटच्या फटीतून
टॉवेलचं एक टोक फडफडत होतं.

शेवटच्या रेषेवर निशाण नव्हतं.
काळ्या-पांढऱ्या चौकटींची चादर,
खास विणून घेतलेली,
दोन पोरांनी चार टोकांना धरलेली.
सोलापुरी चादर ती, हलेल कशाला?
मी सहावी आले, आठांत.
सातवा कडब्यात होता.
आठव्याबद्दल शेळ्यांना विचारावं लागेल.

आल्फाचे मालक, जाल बेसानिया,
टॉवेल घडी घालून परत द्यायला आले.
काळा झाला होता.
नान्ना म्हणाले, असू द्या, पुण्यातबी ऊन पडतंय.
मग दोघं खूप वेळ
एकाच इंजिनात वाकून उभे होते
आणि बोलत नव्हते.

परतताना आसऱ्यापाशी आमची बंद पडली.
बादली रिकामी,
टॉवेल पुण्याच्या रस्त्याला लागलेला.
रिक्षावाला थांबला, म्हणाला, ढकलू का बे काका?
नान्नांनी बॉनेट उघडलं,
कान खाली नेला,
एक हात वर करून म्हणाले,
थांब जरा.
ऐकू दे.